बसून कापायचं गवत

झीरो-टर्न मोअर या गवत कापायच्या यंत्राला स्टिअरिंग नसतं. चालवणाऱ्याच्या मांड्यांवर दोन बाजूंनी दोन दांड्या आडव्या येतात. डावी डाव्या मागच्या चाकाची, उजवी उजव्या चाकाची. दोन्ही सारख्या पुढे ढकलल्या की यंत्र सरळ जातं, एक जराशी मागे घेतली की त्या अंगाला वळतं, आणि एक पुढे एक मागे अशा उलट्या ओढल्या की पाचशे-सहाशे किलोंचं ते धूड जागच्या जागी गर्रकन फिरतं. पुढची दोन चाकं नुसती सोबतीला असतात, यंत्र जाईल तिकडे तीही वळतात. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटर असते, त्यामुळे गिअर बदलायची भानगड नाही. पोटाखाली चार ते सहा फूट रुंदीची लोखंडी पेटी, तिच्यात बहुधा तीन पाती, आणि पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. अशा टोकाखाली आलेला खडा कुठे जाईल हे सांगता येत नाही.

या सगळ्या करामतीत एक बारीकशी वस्तू सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला, तर इंजिन आपोआप बंद पडतं. हेतू सुरक्षेचा आहे; घसरून खाली पडलेल्या माणसावर यंत्र चालून जाऊ नये, एवढाच. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरात वावरणाऱ्याला त्या स्विचची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. माणूस बसलेला असेल तरच काम करीन, अशी अट घालणारं हे यंत्र. आणि आपल्या उपनगरांत गवत कापणारा माणूस काम चालू असताना बसलेला दिसला, तर वरच्या बाल्कनीतून पहिला फोन सेक्रेटरीला जातो.

हिरवळ कापायचं यंत्र इंग्लंडातलं. स्ट्राउडच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची वर आलेली लव एकसारखी छाटणारं फिरत्या पात्यांचं यंत्र एडविन बडिंग या कारागिराने पाहिलं आणि तीच युक्ती गवताला लावली. १८३० साली त्याला पेटंट मिळालं. त्याआधी साहेबांच्या बंगल्यापुढचं गवत विळ्या-कोयत्यांनी आणि मेंढरांनी राखलं जाई. पुढे घोडे आले. हिरवळीवर टापांचे खड्डे पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवत; दिल्लीच्या बागांत हेच काम बैलांनी केलं. मग वाफ, मग पेट्रोल. बसून चालवायच्या यंत्राला जागच्या जागी फिरवायची कल्पना मात्र अमेरिकेची. मिसुरी राज्यातल्या वॉरेन्सबर्गच्या मॅक्स स्विशरने १९४९च्या सुमारास तसं यंत्र बनवलं. दोन दांड्या आणि हायड्रॉलिक पंप ही आजची रीत १९६०च्या दशकात कॅन्ससमधल्या हेस्टनला जॉन रेगियरने बसवली. मिसुरी आणि कॅन्सस म्हणजे सपाट, मोकळा, डोळा पोहोचेल तिथवर गवताचा मुलूख.

आता आपल्याकडे यावं.

मुंबईच्या उपनगरात गवत कापायचं यंत्र म्हणजे ब्रश कटर. माळी त्याला नुसतं 'मशीन' म्हणतो. सात-आठ किलोंचं ओझं एका खांद्यावरच्या पट्ट्याला लटकतं. मागे दोन-स्ट्रोक इंजिन, पुढे लांब नळी, टोकाला प्लॅस्टिकची गोल डबी आणि तिच्यातून दोन बाजूंना बाहेर आलेली नायलॉनची तार. एक लिटर पेट्रोलमध्ये पंचवीस-तीस मिली ऑइल बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत मिसळून ठेवलेलं असतं. बुचाला भोक पाडलं की तीच ओतायची झारी. दोरी दोन-तीनदा ओढली की मशीन खोकत खोकत सुरू होतं. माळी डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळ मारतो, पाऊल पुढे टाकतो, पुन्हा अर्धवर्तुळ. तार झिजून आखूड झाली की टोकाची डबी जमिनीवर टपकन आपटायची, आतून नवी तार बाहेर येते. फरशीच्या कडेला, भिंतीच्या बुडाशी, पेव्हर ब्लॉकच्या फटींत तार फार झिजते, म्हणून जुना जाणता माळी कडा शेवटी ठेवतो आणि नवशिका तिथूनच सुरुवात करून तासाभरात तारेचं भेंडोळं संपवतो.

तोंडावर गमछा, डोळ्यांवर चष्मा असला तर असला, पायांत बहुतेक वेळा चपला. पोटऱ्यांवर हिरवा लगदा उडून चिकटत असतो. आणि त्याच्यासोबत एक दुसरा माणूस असतो, ज्याचं काम कुठल्याच कोटेशनमध्ये स्वतंत्र लिहिलेलं नसतं. दोन बांबूंना बांधलेली हिरवी जाळी किंवा प्लायवुडचा तुकडा धरून तो माळ्याच्या बाजूने सरकत राहतो. ही आडोशाची भिंत माळ्यासाठी नसते. ती रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांसाठी असते. 'भैया, गाडियों की तरफ देखना हां,' एवढी एकच सूचना वॉचमनच्या केबिनमधून येते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मशीन धरणाऱ्याच्या कानाशी तो आकडा नव्वदीच्या पुढे जातो. वरच्या मजल्यावर 'वर्क फ्रॉम होम' करणारी मंडळी खिडक्या लावून घेतात. माळ्याला लावून घ्यायला काही नसतं. काम संपवून मशीन खाली ठेवल्यावर त्याच्या बोटांना बराच वेळ मुंग्या येत राहतात. चहाचा ग्लास तो दोन्ही हातांनी धरतो.

अशा जागी झीरो-टर्न आणलं तर काय होईल? हिशेब करून बघायला हरकत नाही. पाच फुटी पेटीचं व्यावसायिक यंत्र मोकळ्या रानात तासाला चार-पाच एकर गवत कापतं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बऱ्यापैकी ऐसपैस म्हणवणाऱ्या सोसायटीची हिरवळ पाच गुंठ्यांच्या आतबाहेर. म्हणजे काम जेमतेम दोन मिनिटांचं. अमेरिकेत अशा यंत्राची किंमत दहा ते पंधरा हजार डॉलर, आपल्या पैशांत आठ ते तेरा लाख रुपये. आयातकर आणि वाहतूक निराळी. ब्रश कटर दहा-वीस हजारांत येतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय निघालाच, तर किंमत ऐकून होणारा गलका पहिला नसेल. पहिला प्रश्न येईल: हे ठेवणार कुठे? पाच फूट रुंद, सात फूट लांब वस्तूला पार्किंग कुणाचं द्यायचं? सी विंगमधल्या सभासदाचा दुसऱ्या गाडीचा अर्ज तीन वर्षं पडून आहे, त्याचं काय? इथे विषय संपतो.

आणि समजा जागा मिळाली, तरी यंत्र हिरवळीपर्यंत पोहोचायला हवं. उपनगरातली हिरवळ सपाट जमिनीवर सलग पसरलेली नसते. मध्ये नारळाची आळी, चाफ्याभोवतीचे कट्टे, मुलांची घसरगुंडी, तुळशीवृंदावन, गणपतीच्या मंडपाचे खांब रोवायला ठेवलेले सिमेंटचे खड्डे. बागेचं फाटक अडीच फुटी आणि आत जायला तीन पायऱ्या. कागदावर बघितलं तर जागच्या जागी वळणारं यंत्र अशाच अडचणीच्या जागेसाठी हवं. झाडाच्या बुंध्याला लगटून फिरायचं, कोपऱ्यात शिरून त्याच पावली परतायचं, ही तर त्याची ख्याती. परंतु ती अडचण त्याला मोकळ्या मैदानातली लागते, आपल्या अडचणीतली अडचण त्याच्या कामाची नाही.

नव्या टॉवरमध्ये हिरवळ आणखी एक उडी मारते. ती पार्किंगच्या दोन-तीन मजल्यांवर, पोडियमवर जाते. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या आकाराप्रमाणे १५, २० किंवा २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडायची तरतूद होती. सोसायट्यांत तिला सगळे 'आरजी' म्हणतात. ही किमान मोकळी जागा पोडियमवर दाखवून चालेल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने ती जमिनीवरच हवी असं सांगितलं. झाडाला मुळं खाली सोडायला माती लागते, पावसाला मुरायला जमीन लागते, हे सांगायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. किमान जागेच्या वरची हिरवळ अर्थात पोडियमवर चढतेच. तिथे मातीचा थर बेताचा, खाली वॉटरप्रूफिंग, त्याखाली कुणाची तरी गाडी. त्या थरावर दुभत्या म्हशीएवढ्या वजनाचं यंत्र गरगर फिरवायचं म्हटलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची झोप उडेल.

मग मोठ्या मैदानांवर तरी? अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातलं फुटबॉलचं मैदान घ्या. नियमाप्रमाणे १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद म्हटलं तर सत्तरएक गुंठे भरतात. पण खेळाच्या मैदानाला झीरो-टर्नचं पातं मानवत नाही. ते पंख्यासारखं आडवं फिरतं आणि गवताला फटका मारून तोडतं. मैदानाला आणि गोल्फच्या हिरवळीला दंडगोलातली पाती हवीत, कात्रीसारखी चिमटीत धरून कापणारी. म्हणजे बडिंगचीच जुनी कल्पना. महापालिकेच्या बागांतून हिचा गरीब भाऊ अजून दिसतो: हातमशीन, ज्याची मूठ एक माणूस ढकलतो आणि पुढे दोरी बांधून दुसरा ओढतो. दोघांच्या चालीचा मेळ बसला तर पट्टा सरळ पडतो, नाहीतर गवतावर केस कापताना पोराने मान हलवल्यागत टप्पे दिसतात.

एवढं सगळं जुळवून आणलं तरी शेवटचा शब्द पावसाचा. कोकणपट्टीतल्या गवताचं वेळापत्रक यंत्राच्या वेळापत्रकाशी उलटं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गवत असं वाढतं की सोमवारी कापलेलं पुढच्या सोमवारी घोट्याच्या वर. पण त्याच चार महिन्यांत जमीन ओली, निसरडी, चिखलाची. ओलं गवत पेटीत आतून लिंपून बसतं आणि पाती घुसमटतात. चाकं घसरतात. जागच्या जागी वळायला जावं तर आतलं चाक एका ठिकाणी घोळत राहतं आणि हिरवळीचा गोल तुकडा मातीसकट सोलून काढतं. जाणता चालक म्हणूनच सरळ गिरकी न घेता थोडं मागे, थोडं पुढे अशा तीन हेलकाव्यांत वळतो. उतारावर तर ओल्यात हे यंत्र नेऊच नये. पंधरा अंशांपुढचा उतार बहुतेक कंपन्या कोरड्यातसुद्धा नको म्हणतात. ऑक्टोबर उजाडतो, जमीन वाळते, यंत्राला हवी तशी टणक होते, आणि गवत वाढायचं थांबून पिवळं पडायला लागतं.

पावसाचा हा हट्ट नवा नाही. जुहूचं विमानतळ १९२८चं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. त्या मैदानात पावसाळ्यात पाणी भरे, म्हणून टाटांची टपालसेवा ते महिने पुण्याला हलवावी लागे. विमानाला जिथे बूड टेकायची पंचाईत, तिथे मोअरची काय कथा. अंधेरीच्या मैदानानेही ४ जून २०१८ला तेच दाखवलं. सुनील छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, समोर केनिया, आणि वरून धो धो पाऊस. भारत ३-० जिंकला. चेंडू मात्र काही वेळा लाथ मारल्या जागीच बसून राहिला.

विमानतळावरून आठवलं. गवत कापणं हा तिथे शोभेचा नव्हे, जीवनमरणाचा मामला असतो. गवत वाढलं की किडे, किडे आले की पक्षी, पक्षी आले की विमानाच्या इंजिनात शिरायची धास्ती. धावपट्टीच्या कडेचं सलग, सपाट, पेव्हर ब्लॉक नसलेलं गवत हीच उपनगरातली झीरो-टर्नला साजेशी जागा. तिथे तुम्हा-आम्हाला प्रवेश नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठी मुलखात गवत आणि यंत्र यांचं नातं जुनं आहे, पण ते कुणाच्या तरी तोंडच्या घासासाठी होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकता विकता कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १९१० साली कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. त्या कारखान्याच्या पायात बैलाचा चारा आहे. मुंबईतही तेच. स्विशर मिसुरीत आपलं गरगर फिरणारं यंत्र जोडत होता, त्याच १९४९ साली गोरेगावच्या डोंगराआड आरे दूध वसाहत उभी राहिली. शहरातले गोठे बाहेर काढायचे, म्हशींना एका जागी मोकळी हवा द्यायची आणि दूध स्वच्छ मिळवायचं, ही दारा खुरोडींची योजना. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं. ३,१६० एकर जमीन, ३२ तबेले, सुमारे १६ हजार म्हशी. शेण आणि गोठे धुतल्याचं पाणी उतारावरून खाली सोडायचं आणि त्यावर पॅरा गवत वाढवायचं. ते कापायचं, भारे बांधायचे आणि पुन्हा म्हशींपुढे टाकायचं. उपनगरातली ही सर्वांत मोठी हिरवळ विळ्यांनी कापली गेली, आणि कापलेल्यातलं काही वाया गेलं नाही.

सोसायटीच्या हिरवळीचं तसं होत नाही. कापलेलं गवत पोत्यात भरून फाटकाशी उभं केलं जातं आणि कचऱ्याच्या गाडीवाल्याशी हुज्जत सुरू होते. २०१७च्या ऑक्टोबरपासून महापालिकेने २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना आणि दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी मागच्या अंगाला खताचे खड्डे झाले. नुसतं हिरवं गवत खड्ड्यात दाबलं की ते कुजून आंबूस वास मारतं. मध्ये वाळला पाला घालावा लागतो. हे माळ्याला ठाऊक असतं, कमिटीला पहिल्या मजल्यावरची तक्रार आल्यावर कळतं.

एका गवताला मात्र या सगळ्यात मान आहे. श्रावण सरता सरता एखादी काकू खाली येऊन सांगते, 'माळीकाका, भिंतीकडचा तेवढा पट्टा कापू नका हं, चतुर्थी आलीय.' तिला दूर्वा हव्या असतात. तीच दूर्वा घाटावरच्या शेतकऱ्याची हरळी. शेतात शिरली की खणून खणून माणूस थकतो, पेरभर मूळ राहिलं तरी पुन्हा फुटते. अमेरिकेत तिचं नाव बर्म्युडा गवत. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन या संशोधकाने तिचा आफ्रिकी बहिणीशी संकर केला आणि १९६० मध्ये टिफवे ४१९ ही जात बाहेर पडली. ती पुढे जगभरच्या मैदानांवर आणि गोल्फ कोर्सवर अंथरली गेली. म्हणजे हजारो डॉलर खर्चून झीरो-टर्नवाले जिच्यावरून फिरतात, तिची एकवीस पात्यांची जुडी बोरिवली स्टेशनबाहेर टोपलीत मिळते.

आणि झीरो-टर्न चालताना बघायची संधी उपनगरातल्या मराठी कुटुंबांना मिळते ती बहुधा परदेशातच. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत एडिसनला, नाहीतर टेक्सासात डॅलसला. आईबाबा सहा महिन्यांसाठी जातात. दुपारी घरी दोघंच असतात, तेव्हा एक ट्रक मागे उघडा ट्रेलर ओढत येतो. ट्रेलरवरून यंत्र खाली उतरतं, एक माणूस त्यावर बसतो, दुसरा ब्रश कटरने कडा धरतो, तिसरा पाठीवरच्या ब्लोअरने फुटपाथ साफ करतो. पंधरा मिनिटांत समोरची हिरवळ गालिच्यासारखी पट्टेदार करून गाडी पुढच्या घराशी. बाबा खिडकीतून बघत राहतात. आयुष्यभर लोकलने चर्चगेट गाठलेल्या माणसाला कामाचा तो झपाटा आवडतो. संध्याकाळी जेवताना ते विचारतात, 'याला महिना किती देतोस रे?'

कित्येक मुलं अर्थात कुणाला देत नाहीत, स्वतःच कापतात. मुलुंडला वन-बीएचकेत वाढलेला, खिडकीतल्या कोरफडीला पाणी घालायला कंटाळा करणारा पोरगा तिथे शनिवारी सकाळी कानाला मफ लावून मोअर ढकलतो. हौस थोडी आणि धाक फार. गवत ठरावीक उंचीपुढे गेलं की घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येतं. 'पुढे थोडी मेथी-कोथिंबीर लाव की, एवढी जागा आहे,' असं आई म्हणते, तेव्हा त्याला नियमावली वाचून दाखवावी लागते. २००५च्या सुमाराला नासाच्या क्रिस्टिना मिलेसी यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून अमेरिकेतल्या हिरवळीचा अंदाज काढला. तो दीड लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. त्यात कुणी मेथी लावत नाही आणि कुणाची म्हैसही चरत नाही.

त्या ट्रकमधून उतरणारी माणसं कोण असतात? पुष्कळदा मेक्सिकोतून, मध्य अमेरिकेतून आलेली. बागकाम हा तिथल्या हंगामी कामगारांच्या एच-२बी व्हिसावरचा सर्वांत मोठा धंदा आहे. एच-१बीवर गेलेल्या मुलुंडकराच्या घरासमोर एच-२बीवर आलेला माणूस गवत कापत असतो. दोघांचीही मुदत कुठल्या तरी कागदावर लिहिलेली. फरक पगारात आहे, घरात आहे, भाषेत आहे. पण यंत्रावरचा तो माणूस बसलेला आहे. सीटला स्प्रिंग आहे, पाठीला टेकू आहे, यंत्र उलटलं तर डोक्यावर लोखंडी कमान आहे, कानाला मफ आहेत. हे कुणाच्या दयेने झालेलं नाही. तिथे माणसाचा तास महाग आहे, म्हणून त्याला तासाला पाच एकर कापता यावेत असं यंत्र निघालं. आणि दिवसभर उभं राहून पाच एकराच्या वेगाने कुणाला कापता येत नाही, म्हणून त्याला बसवलं. मुंबईत माळ्याचा तास स्वस्त आहे. इथे झीरो-टर्न न येण्याची खरी कारणं फाटक, पोडियम आणि पाऊस. पण ही तिन्ही नसती तरी सीटवर खर्च करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला नसता.

बसण्याला आपल्याकडे आळसाचा वास येतो. दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्या बायकांनी केरळात लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात कामाच्या जागी बसायची सोय द्यावी अशी दुरुस्ती झाली; २०२१ मध्ये तामिळनाडूनेही ती केली. सोसायटीच्या वॉचमनला प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, तीही एक पाय मोडल्यावर कुणीतरी वरून खाली दिलेली. माळ्याचा प्रश्न तर निघतच नाही, कारण तो आठवड्यातून दोन-तीनदा येतो, त्याचा कंत्राटदार निराळा, आणि त्याचं नाव गेटवरच्या वहीत 'गार्डनवाला' एवढंच असतं.

गवत कापायचा प्रश्न उपनगराने आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला आहे: गवतच नको. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये खोटी हिरवळ पहिल्यांदा गाजली, कारण तिथल्या बंद छताखाली खरं गवत जगेना. आता गच्चीवर, शाळेच्या मैदानावर, पुलाखाली, रिकाम्या प्लॉटवर तीच अंथरली जाते. वर जाळी, चार फोकस, तासावर भाडं. पोरं तिला 'टर्फ' म्हणतात आणि रात्री साडेअकराचा स्लॉट बुक करतात. तिला पाऊस चालतो, माळी लागत नाही. मे महिन्यात दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवून बघावा, म्हणजे खरं गवत काय करत होतं ते तळव्याला कळतं.

ज्यांच्याकडे अजून खरी हिरवळ उरली आहे, त्यांनी झीरो-टर्नकडून घेण्यासारखं यंत्र नव्हे, त्याच्यावरची उरलेली सामग्री आहे. ब्रश कटरला एका खांद्याऐवजी दोन्ही खांद्यांवर वजन तोलणारा पट्टा मिळतो. पोटऱ्यांचे गार्ड, बंद बूट, जाळीचं चेहराकवच, कानाचे मफ, कंप कमी करणारे हातमोजे, सगळं बाजारात आहे. पुढच्या वर्षीच्या कंत्राटात या वस्तू नावानिशी लिहाव्यात. मशीन सलग किती वेळ चालवायचं आणि मध्ये किती थांबायचं तेही लिहावं, आणि जाळी धरणाऱ्या दुसऱ्या माणसाची मजुरी वेगळ्या ओळीत दाखवावी. खजिनदार विचारतील, एवढ्याचा खर्च किती. पोरांनी दोन-तीन रविवारी टर्फचं भाडं भरलं, त्याच्या आतबाहेरच येईल.